दुपट्टा, मास्क आणि 'सामाजिक अंतर'

मे महिन्यात भर दुपारी व्हरायटी चौकात उभं राहून पाहा. गाडीवर चाललेल्या पोरीचे फक्त डोळे दिसतात, बाकी सगळं दुपट्ट्यात. माणसांच्याही डोक्याला-कानाला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून. त्यामुळे २०२० मध्ये 'तोंड झाका' म्हणून सांगितलं, तेव्हा कापड आपल्याला नवं नव्हतंच. १४ एप्रिलला पंतप्रधानही टीव्हीवर गमछा बांधूनच आले होते.

फरक एकच होता, आणि तो समजायला वेळ लागला. दुपट्टा आपण स्वतःसाठी बांधतो. साधा कापडी मास्क मात्र स्वतःपेक्षा समोरच्याला जास्त जपतो.

मास्कचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. पेनांगमध्ये जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले डॉ. वू लिएन-तेह म्हणाले, हा रोग श्वासातून पसरतो; कापूस आणि गॉजचे मास्क बांधा. मेनी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांना हे पटलं नाही. ते मास्क न बांधता रोगी तपासायला गेले आणि काही दिवसांतच प्लेगने वारले. मग मास्क सगळ्यांनाच पटला.

पुढे १९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईत आला, आणि पावसाळा संपता संपता दुसरी लाट देशभर पसरली. ज्या मध्य प्रांत-वऱ्हाडात आपलं नागपूर होतं, तो सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक होता.

आता मला खरा प्रश्न पडतो तो इथे. अंतर ठेवायची सवय आपल्या समाजाला काय कमी होती? सोवळं-ओवळं होतं, पाणवठे वेगळे, कप वेगळे, वस्त्या वेगळ्या. मग त्या अंतराने कोण वाचलं? मुंबईचे त्या वर्षीचे इन्फ्लुएंझाच्या मृत्यूंचे आकडे बघा. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, इतर हिंदू १८.९, आणि सरकारी कागदात ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलंय ते ६१.६. एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या, अर्धपोटी माणसांना कोणी दूर ठेवलं म्हणून रोग त्यांच्यापासून दूर राहिला नाही. उलट तिथेच तो जास्त मारत गेला.

म्हणून २०२० मध्ये 'सामाजिक अंतर' हा शब्द रोज कानावर पडायचा, तेव्हा मला खटकायचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या शहरात लाखो लोकांनी त्याच अंतराला नाकारलं, त्या शहरात तरी हा शब्द जपून वापरायला हवा होता ना? जागतिक आरोग्य संघटनासुद्धा मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणायला लागली होती.

आणि ते अंतर खऱ्या अर्थाने कोणी पाळलं? २०२० च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंचा मेळा भरला नाही. लोकांनी घरूनच वंदना केली. दरवर्षी येणाऱ्या माणसाला न येणं किती जड गेलं असेल, हे नागपूरकराला सांगायला नको. एकमेकांना जपण्यासाठी दूर राहणं म्हणजे काय, ते तिथे दिसलं.

त्याच वर्षी मे महिन्यात पारा ४७ वर गेला होता. त्या उन्हात अंगभर पीपीई किट घालून दवाखान्यातली माणसं राबत होती, आणि आपल्या घरचा कचरा उचलणारे रोज दारात येत होते. त्यांच्या हातात मोजे आहेत का, पायात बूट आहेत का, हे आपल्यापैकी कितींनी पाहिलं?

साथ परत कधी येईल, सांगता येत नाही. पण सवयी आजपासून ठेवता येतात. खोकला असेल तर मास्क बांधा, बाहेरून आलं की हात धुवा, ताप असेल तर कामावर आणि लग्नात जाऊ नका. घरी वापरलेला मास्क किंवा सुई कचऱ्यात टाकायची असेल तर वेगळी गुंडाळून, खूण करून द्या. ती उचलणाराही आपल्यासारखाच कोणाच्या तरी घरी परत जातो.