नामबंधन, संगणकीय
संगणकाच्या आज्ञावलीतील नाव आणि त्याने निर्दिष्ट होणारे स्मृतिस्थान अथवा मूल्य यांच्या संबंधास नामबंधन म्हणतात. मोठी आज्ञावली अनेक मॉड्यूलांत विभागलेली असते. एका मॉड्यूलमधील चल दुसऱ्यात आयात केल्यास नेमके काय हाती येते, याचे उत्तर भाषेनुसार व कालानुसार बदलत गेले.

१९५८ मध्ये उपलब्ध झालेल्या फोर्ट्रान–२ या भाषेत स्वतंत्रपणे भाषांतरित केलेले उपकार्यक्रम ‘कॉमन’ या सामाईक स्मृतिखंडातून मूल्यांची देवघेव करीत. तेथे नावे जुळत नसून केवळ स्थानांचा क्रम जुळे. क्रम चुकल्यास एका राशीच्या जागी दुसरीच वाचली जाई. १९६७ मध्ये ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी कोपनहेगन येथील व्याख्यानांत चलाचे स्मृतिस्थान आणि त्यातील मूल्य यांतील भेद स्पष्ट केला. अंतर्गत तपशील दडविणे हा मॉड्यूलरचनेचा निकष असावा, असे डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्ये प्रतिपादिले. १९७० नंतरच्या दशकात बार्बरा लिस्कॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत क्लू ही भाषा विकसित केली. तीत एकाच वस्तूस अनेक नावे असू शकतात. वस्तूत केलेला बदल सर्व नावांतून दिसतो. परंतु एक नाव नव्या वस्तूस जोडल्याने इतर नावे बदलत नाहीत.

गीडो व्हान रॉसम यांच्या पायथॉन (१९९१) भाषेत हेच तत्त्व आयातीस लागू पडते. मूळ मॉड्यूलमधील व्याजदर ७ असताना त्याचे नाव दुसऱ्या मॉड्यूलने आयात केले आणि नंतर मूळ मॉड्यूलने त्या नावास ८ हे मूल्य जोडले, तरी आयात करणाऱ्याकडे ७ हेच राहते. याउलट खातेदारांची यादी आयात केली असल्यास तीत घातलेले नवे नाव दोन्हीकडे दिसते, कारण यादी परिवर्तनीय असून संख्या तशी नसते. मॉड्यूलचेच नाव आयात करून त्याच्याद्वारे दर वाचल्यास मात्र ८ मिळतात. अशा प्रसंगी संगणक दोषाची सूचना देत नाही. चुकीचे व्याज बिनबोभाट आकारले जाते.

जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या मानकाने वेगळा मार्ग पतकरला. तेथे आयात केलेले नाव मूळ बंधनाशीच संलग्न राहते : मूळ मॉड्यूलने दर बदलताच तो आयातकासही दिसतो, मात्र आयातकाला त्या नावास नवे मूल्य जोडता येत नाही. वस्तू परिवर्तनीय असल्यास तिचे अंतरंग मात्र त्यालाही बदलता येते. यावरून नावाचे रक्षण आणि वस्तूचे रक्षण या भिन्न गोष्टी असल्याचे स्पष्ट होते.