दारू सुटतांना येणारे झटके

व्यसन सुटलें कीं संकट टळलें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पुष्कळ वर्षें भरपूर मद्य पिणाऱ्या माणसानें तें एकाएकीं सोडलें, तर एकदोन दिवसांतच त्यास अपस्मारासारखे झटके येऊं शकतात, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. तिचें कारण आणि तिजवरील औषध हीं दोन्हीं सांपडण्यास वैद्यकशास्त्रास किती काळ लागला, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

टॉमस सटन ह्या इंग्रज वैद्यानें १८१३ सालीं, हात कांपून व भास होऊन मद्यप्यांस जो वात होतो, त्याचें वर्णन करून त्यास ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ हें नांव दिलें. परंतु हा वात व हे झटके मद्याच्या विषानें होतात, उपासमारीनें होतात, कीं मद्य तुटल्यानें होतात, हा वाद पुढें शतकाहून अधिक काळ चालला. अमेरिकेंत केंटकी संस्थानांतील लेक्सिंग्टन येथें हॅरिस इस्बेल व त्यांचे सहकारी यांनीं दहा माणसांस पोषक आहार देऊन रोज मद्य पाजलें. त्यांपैकीं सहाजण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले. मद्य बंद होतांच त्या सहांतील दोघांस झटके आले व तिघांस वात झाला. अन्न पुरेसें असूनही विकार उद्भवला. अर्थात् तो मद्य तुटल्याचाच परिणाम होय. हा निष्कर्ष १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. तथापि हे दहाहीजण शिक्षा भोगणारे कैदी होते. बंदिवानाच्या संमतीस खरी संमति म्हणावें काय, हा प्रश्न त्या शोधास कायमचा चिकटलेला आहे.

कारण कळलें, तरी उपचाराची दिशा चुकतच राहिली. मेरिट व पटनम यांनीं १९३८ सालीं बॉस्टन येथें फेनिटॉइन हें औषध अपस्मारावर गुणकारी ठरविलें होतें. झटके दिसावयास सारखे, तेव्हां औषधही तेंच, असा तर्क अनेक डॉक्टरांनीं केला. पुढें १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका कसोटींत ९० रोग्यांचे दोन सारखे गट केले. एकास फेनिटॉइन दिलें, दुसऱ्यास औषधगुण नसलेलें द्रावण. दोन्ही गटांत पुन्हां झटके आले ते सहासहा जणांसच!

ह्याचें मर्म असें आहे. मद्य मेंदूस दडपीत असतें आणि मेंदू त्याविरुद्ध जोर लावीत असतो. रस्सीखेचींत एका पक्षानें दोर एकदम सोडला म्हणजे दुसरा जसा कोलमडतो, तशी मद्य तुटल्यावर मेंदूची गत होते. फेनिटॉइन तो सुटलेला दोर धरीत नाहीं. १९६० सालीं विक्रीस आलेलें क्लोरडायझेपॉक्साइड व त्याच्या वर्गांतील औषधें मात्र मेंदूच्या ज्या शामक यंत्रणेवर मद्याचा परिणाम होतो, तिजवरच काम करतात. त्यामुळें दोर बेताबेतानें सोडतां येतो. ह्याच वर्गांतील लोराझेपामची कसोटी १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. तें दिलेल्या १०० रोग्यांपैकीं तिघांसच, तर न दिलेल्या ८६ पैकीं २१ जणांस, पुन्हां झटका आला.

दारू सोडण्याची शपथ घेणें स्तुत्य आहे, व ती घालणारें माणूस बहुधा घरचेंच असतें. परंतु शपथ मनाला बांधते, मेंदूला नाहीं. म्हणून ज्याची दारू जुनी व रोजची आहे, त्याची ती सोडवावयाची तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं सोडवावी. पहिल्या दोन दिवसांत त्याला उपदेशापेक्षां पहाऱ्याची गरज अधिक असते.