छापखाना कुणाचा, यादी कुणाच्या हातात?

31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. पैसे मोजायची तयारी असूनही त्याची साधी जाहिरात 'केसरी'ने छापली नाही. दुसऱ्याच्या छापखान्यावर आपला आवाज अवलंबून ठेवला तर काय होते, हे तेव्हाच कळले. पुढे 1927 ला 'बहिष्कृत भारत' आला, 1930 ला 'जनता' आला आणि दादरला भारत भूषण छापखाना उभा राहिला. धर्मांतरानंतर त्याचेच नाव बुद्धभूषण झाले. स्वतःचे साधन असणे ही हौस नव्हती, ती चळवळीची गरज होती.

याच इतिहासाची दुसरी बाजू आहे यादीची. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नावे सरकारी रजिस्टरात चढवली. पोलिसांकडे हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचे नाही. गुन्हा केला म्हणून नव्हे, तर त्या जमातीत जन्म झाला म्हणून. 1952 ला कायदा गेला, पण ठपका आजही पुसलेला नाही. आपल्याबद्दलची माहिती दुसऱ्याच्या हातात गेली की तिचे काय होते, हे आपल्याइतके कुणी भोगलेले नाही.

मग आज आपण काय करतो आहोत? विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. तपासणी झालीच पाहिजे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. पण आमच्या कामाच्या भागात एका शिबिराच्या यादीचा फोटो कुणीतरी वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. हेतू चांगला होता. परिणाम असा की एका मुलीचे जमलेले लग्न मोडले. ती आजारी नव्हती, फक्त वाहक होती. मुलाकडच्यांनी स्वतःची तपासणी केलीच नव्हती.

"लपवायचे कशाला?" असे काही जण विचारतात. आम्ही लपवा म्हणत नाही. कुणाला सांगायचे हे त्या मुलीने ठरवावे, एवढेच म्हणतो. 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. आपण मात्र तो हक्क एका फॉरवर्डमध्ये घालवतो.

नोव्हेंबर 2019 मध्ये ट्विटरवर जातीय भेदभावाचे आरोप झाले, तेव्हा अनेक जण मास्टोडॉनवर गेले. तिथे कुणीही स्वतःचा सर्व्हर चालवू शकतो. पण अनेक जण परत आले. आपला सर्व्हर उभारून सांभाळणारे हातही कमी होते. जुन्या संगणकावर नेक्स्टक्लाउडसारखी मोफत प्रणाली टाकून संघटनेची कागदपत्रे घरीच ठेवता येतात. वीज, बॅकअप, पासवर्ड यांची जबाबदारी मात्र आपल्यावर येते. आणि सर्व्हर घरचा असला तरी किल्ली एकाच नेत्याच्या खिशात असेल, तर तो नवा पाटीलवाडाच.

म्हणून सुरुवात छोटी करू. रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. शिबिराची यादी दोघा जबाबदार माणसांपलीकडे जाऊ द्यायची नाही, काम संपले की नष्ट करायची. आणि प्रत्येक तालुक्यात दोन मुले-मुली सर्व्हर सांभाळायला शिकवायच्या. छापखान्यातही खिळे जुळवायला कुणीतरी शिकलेच होते.

जय भीम!