कोल्हापूरची रेल्वे टेबलावर मांडायची तर?

१/ मिरज–कोल्हापूर लोहमार्ग सुमारे ४७ किलोमीटरचा. रेल्वे प्रतिकृतींसाठी जगभर प्रचलित असलेल्या १:८७ या प्रमाणात तो पूर्ण मांडायचा, तर ५४० मीटर लांबीचे टेबल लागेल. साहजिकच नवशिक्याला आधी काय ठेवावे आणि काय गाळावे, हे ठरवावे लागते. त्याचे उत्तर या मार्गाच्या इतिहासातच आहे.

२/ कोल्हापूर संस्थानाच्या खर्चाने या मार्गाचे काम १८८८ मध्ये सुरू झाले. १८९१ मध्ये गाडी धावू लागली. ती चालवण्याची जबाबदारी सदर्न मराठा रेल्वेकडे होती. पुढे पश्चिमेस सह्याद्री उभा असल्याने मार्ग कोल्हापुरात संपला आणि आजही तेथेच संपतो. त्यामुळे खेळण्यातल्या गाडीसारखा गोल रूळ येथे शोभणार नाही. एका टोकाला कोल्हापूर स्थानक, मध्ये रुकडीजवळचा पंचगंगेवरील पूल आणि दुसऱ्या टोकाला पडद्याआड मिरज, एवढा आराखडा पुरे.

३/ शेवटच्या स्थानकात एक अडचण येते. गाडी आत आली की इंजिन डबे आणि रुळाचा शेवट यांमध्ये अडकते. ते सोडवून परतीच्या गाडीच्या पुढे आणण्यासाठी शेजारी समांतर रूळ आणि दोन्ही टोकांना सांधे हवेत. प्रत्यक्षातल्या वाफेच्या इंजिनांनाही हीच सोय लागे.

४/ आता वायरिंग. साध्या प्रतिकृतीत १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह रुळांतूनच इंजिनाच्या मोटरला मिळतो. एक रूळ धन, दुसरा ऋण. तारांची अदलाबदल केली की इंजिन उलट धावते. रूळ वळसा घेऊन स्वतःलाच मिळाला, तर धन व ऋण एकमेकांना भिडून शॉर्ट सर्किट होते. टोकाच्या स्थानकाच्या आराखड्यात तो धोका नाही. मात्र एक इंजिन उभे ठेवून दुसरे चालवायचे असेल, तर एका रुळात फट ठेवून तो तुकडा वेगळ्या बटणावर घ्यावा.

५/ खरी कसोटी रुळांच्या रुंदीची. बाजारातला नेहमीचा १६.५ मिलिमीटरचा रूळ हा १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय गेजची प्रतिकृती आहे. कोल्हापूरची गाडी १९७१ पर्यंत मीटरगेजवर धावत होती. त्या काळाचा देखावा करायचा, तर १२ मिलिमीटरचा रूळ घ्यावा. मिरजेत तर १९२७ पासून बार्शी लाइट रेल्वेचे ७६२ मिलिमीटरचे नॅरोगेजही होते.

६/ हा फरक केवळ हौशी मंडळींच्या काटेकोरपणाचा नाही. १८९५ मध्ये स्थानकाशेजारी शाहूपुरी पेठ वसली आणि गुळाचा व्यापार वाढला. पण पुण्यापर्यंत मीटरगेज आणि पुढे मुंबईकडे ब्रॉडगेज. त्यामुळे मुंबईला रेल्वेने जाणारी प्रत्येक ढेप वाटेत एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. रुळांमधल्या ६७६ मिलिमीटरच्या फरकाची किंमत हमालांची पाठ आणि व्यापाऱ्यांचा वेळ यांनी सुमारे ८० वर्षे मोजली.

७/ म्हणून या टेबलावर राजवाड्याआधी मालधक्क्याला जागा द्यावी. कोल्हापूरच्या अलीकडच्या थांब्याचे नाव आजही ‘गूळ मार्केट’ असेच आहे.