तार्वास्पॅचें घर

थोर पुरुषांचीं घरें जतन करण्याची चाल सर्वत्र आहे; पण भिंती राखल्यानें माणूस राखला जातो काय, हा प्रश्न अशा घरांत पाऊल ठेवणारास पडल्यावांचून राहत नाहीं. फिन्लंडांत हेलसिंकीलगत एस्पो येथें, खाडीच्या कांठीं, चित्रकार आक्सेली गालेन-काल्लेला ह्याचें 'तार्वास्पॅ' हें घर आहे. मनोऱ्यामुळें तें लहानशा गढीसारखें दिसतें. त्याचा आराखडा चित्रकारानें स्वतःच केला व बांधकाम १९११ पासून १९१३ पर्यंत चाललें. १९६१ पासून तेथें संग्रहालय आहे. 'लेम्मिंकाइनेनची माता' हें त्याचें १८९७ मधील प्रसिद्ध चित्र पाहण्यास मात्र हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयांतच जावें लागतें.

हा चित्रकार १८६५ सालीं पोरी येथें जन्मला. घरची भाषा स्वीडिश, नांव आक्सेल गालेन आणि देश रशियाच्या झारचा अंकित! आपलें नांव त्यानें १९०७ मध्यें फिन्निश वळणाचें करून घेतलें. पण लोकगीतांतून सिद्ध झालेल्या 'कालेवाला' महाकाव्यानें त्याचें मन त्याच्या कितीतरी आधींच वेधलें होतें. १८९९ च्या जाहीरनाम्यानें झारनें फिन्लंडच्या स्वायत्ततेस हात घातला. पुढल्याच वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत फिन्लंडच्या मंडपाच्या छतावर गालेननें ह्या काव्यांतील प्रसंग रंगविले. त्यांत सापांनीं भरलेलें शेत नांगरणारा लोहार इल्मारिनेन होता. ते साप कोण, हें फिन् प्रेक्षकास सांगावें लागण्यासारखें नव्हतें.

प्रदर्शन संपलें, मंडप मोडला, आणि त्याबरोबर तीं चित्रेंहि गेलीं. पोरीच्या एका समाधिमंदिरांत त्यानें काढलेलीं भित्तिचित्रेंहि बिघडलीं. तथापि १९२८ मध्यें, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर अकरा वर्षांनीं, पॅरिसचे प्रसंग त्यानें हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या छतावर पुनः उतरविले. १९३१ मध्यें तो वारला. त्यानंतर पोरीचीं चित्रें त्याचा पुत्र योर्मा ह्यानें पित्याच्या रेखाटनांवरून नव्यानें रंगविलीं. हा पुत्रहि १९३९ मध्यें हिवाळी युद्धांत कामास आला.

तार्वास्पॅच्या चित्रशाळेंत उभें राहिलें असतां हा सारा इतिहास आठवावा. येथील भिंती सुदैवानें टिकल्या. परंतु ज्या भिंतींवर त्यानें राष्ट्राची स्मृति रेखिली, त्या टिकल्या नाहींत. ती स्मृति टिकली, ती पुनः हातीं कुंचला घेणारे निघाले म्हणून. घर जपणें हें त्या मानानें सोपें काम होय. पुसलेलें पुनः रेखाटण्याची उमेद जपणें हेंच कठीण.