एकाच वाड्यात चार प्रती

नागपूरच्या महालात भोसल्यांचा मोठा राजवाडा होता. काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामाने भरलेला. १८६४ साली तो आगीत गेला. उरला फक्त नगारखान्याचा दरवाजा. त्या वाड्यात एखाद्या कागदाच्या चार प्रती चार वेगवेगळ्या खोल्यांत जपून ठेवल्या असत्या, तरी आगीला चार खोल्या म्हणजे एकच घर.

मी याच महालात राहतो आणि आसपासच्या जुन्या घरांतले मोडी कागद स्कॅन करून एका स्टोरेज सर्व्हरवर ठेवतो. त्यात ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क आहेत. बेरीज १६ टीबी, पण वापरायला तेवढी जागा मिळत नाही. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

१९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त, छोट्या डिस्क जोडून वापरायच्या, ही त्यांची कल्पना. तिचं नाव ‘रेड’. अडचण उघड होती: डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बंद पडण्याची शक्यता जास्त. म्हणून थोडी जागा हिशेबासाठी राखायची. समजा तीन डिस्कवर ५, ८ आणि २ हे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज लिहा, १५. आता ८ची डिस्क गेली, तर १५ मधून ५ आणि २ वजा करा. ८ परत मिळाला. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांचं वेगळं गणित असतं आणि हा हिशेब चारही डिस्कवर वाटलेला असतो, पण तत्त्व हेच.

या पद्धतीला रेड ५ म्हणतात. एक डिस्क गेली तरी चालतं आणि वापरायला १२ टीबी उरतात. रेड ६ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी चालतं, पण उरतात ८ टीबी. ए-४ आकाराचा एक कागद ६०० डीपीआयला रंगीत, काटछाट न करता स्कॅन केला, तर फाइल साधारण १०४ एमबीची होते. म्हणजे १२ टीबीत सुमारे १ लाख १५ हजार पानं आणि ८ टीबीत सुमारे ७६ हजार. या दोहोंमधल्या फरकात कित्येक घरांचे पेटारे बसतात.

या निवडीवर तासन्‌तास वाद घालता येतो. पण दोन्ही पर्याय एकाच डब्यात, एकाच छताखाली आहेत. आग लागली, पाणी शिरलं, डबा चोरीला गेला, तर रेडचा आकडा विचारत कोणी बसत नाही. चुकून फोल्डर पुसलं, तर ते चारही डिस्कवरून एकदमच पुसलं जातं. रेडमुळे डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. बॅकअप ही वेगळी गोष्ट.

राजवाडा गेला, तरी भोसल्यांचा इतिहास आपण आज कसा वाचतो? कारण त्याचे कागद दुसऱ्यांकडेही होते. पुण्याच्या पेशवे दप्तरात नागपूरच्या घडामोडींचे रुमालच्या रुमाल होते. पुण्यातला शनिवारवाडा स्वतः १८२८ साली जळाला, पण ते दप्तर आजही आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात त्यातून निवडून ४५ खंड छापून घेतले. त्यातला एक खंड नागपूरकर भोसल्यांचा. छापल्यामुळे एकेका कागदाच्या प्रती कितीतरी ग्रंथालयांत पोचल्या.

दुसरी प्रत इंग्रजांकडे होती. रिचर्ड जेंकिन्स १८०७ ते १८२७ नागपुरात रेसिडेंट होता. दरबारात काय चाललंय, हे तो वरिष्ठांना लिहून कळवत असे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज लढले. पुढे १९३८ साली यादव माधव काळे यांनी संपादित केलेला नागपूरविषयक पत्रव्यवहाराचा खंड आला, तो याच इंग्रजी कागदांतून.

इथे एक गोष्ट मला सतत टोचते. दुसऱ्याकडची प्रत वाचते, पण ती त्याच्या नजरेची असते. कोण कपटी, कोण शहाणा, हे जेंकिन्स ठरवतो. तुमची स्वतःची प्रत बाहेर कुठे नसेल, तर तुमची गोष्ट लढाईतल्या समोरच्या पक्षाच्या टिपणांवरून लिहिली जाईल.

म्हणून मी सर्व्हरवर रेड ५ ठेवलंय. रेड ६ साठी लागली असती ती ४ टीबी जागा वाचवली आणि पैसे बाहेरच्या प्रतींवर घातले. दोन वेगळ्या डिस्कवर सगळ्याची पूर्ण प्रत आहे. त्यातली एक नेहमी वर्ध्याला मावशीच्या कपाटात असते. दर दोन महिन्यांनी अदलाबदल होते. ती करताना काही फाइली उघडून वाचून बघतो, कारण न उघडता येणारी प्रत म्हणजे नुसतं वजन. सर्व्हरवर पाचवा हिस्सा जागा कायम रिकामी ठेवतो आणि ती संपत आली की आधी एकाच कागदाचे दोनदा झालेले स्कॅन शोधतो. आणि ज्या घरचे कागद, त्या घराला त्यांची प्रत पेनड्राइव्हवर परत जाते. ही सगळ्यात स्वस्त प्रत आणि मला वाटतं सगळ्यात टिकाऊ, कारण तिच्यामागे जीव लावणारी माणसं आहेत.

तुमच्या फोनमध्ये आजीच्या हस्ताक्षरातल्या एखाद्या वहीचे फोटो असतील, तर ते या आठवड्यात दुसऱ्या गावच्या कोणाकडे तरी पाठवून द्या.