अपुरी मात्रा की अनाठायी मात्रा?

११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोममध्ये नोबेल व्याख्यान संपवताना अलेक्झांडर फ्लेमिंगने एक काल्पनिक गोष्ट सांगितली. श्री. क्ष यांचा घसा दुखतो. ते दुकानातून पेनिसिलिन आणतात आणि घशातले स्ट्रेप्टोकोकस मरणार नाहीत, पण औषधाला सरावतील, इतकेच घेतात. ते जंतू पुढे पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिनचा गुण येत नाही आणि ती दगावते. दोष अर्थातच श्री. क्ष यांचा, आणि तात्पर्य असे की घ्यायचे तर पुरेसे घ्या. आजही डॉक्टर आणि औषधविक्रेते ‘कोर्स पूर्ण करा’ म्हणतात, त्यामागे हेच तात्पर्य आहे. पण कान-नाक-घशाच्या प्रतिजैविकांचा नंतरचा इतिहास तपासला तर या गोष्टीने संशय भलत्याच ठिकाणी वळवला असे म्हणावे लागते. अपुरे घेतलेल्या औषधाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, गरज नसताना घेतलेले औषध आपल्याला महाग पडले आहे, मग ते कितीही नेमाने आणि पूर्ण घेतलेले असो.

औषध इतक्या सढळ हाताने का दिले जाऊ लागले, याला सबळ कारण होते. मध्यकर्णातला पू कानामागच्या मॅस्टॉइड हाडात आणि तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. १८७३ मध्ये जर्मनीतल्या हाले इथे हेरमान श्वार्त्से आणि आयझेल यांनी ते हाड कोरून पू काढण्याची शस्त्रक्रिया पद्धतशीर मांडली, त्यानंतरची साठ-पासष्ट वर्षे वैद्यांचा मुख्य आधार छिन्नी आणि हातोडी हाच होता. डब्लिनचे नामांकित कर्णशल्यविशारद विल्यम वाइल्ड यांचा मुलगा ऑस्कर १९०० साली पॅरिसमध्ये कानाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच मेंदूज्वराने गेला. १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाकने प्रोंटोसिल या सल्फा औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मुलाचा घशा-नाकाचा गंभीर संसर्ग त्या औषधाने आटोक्यात आला आणि सल्फा औषधे घरोघरी माहीत झाली. मग पेनिसिलिन आले आणि मॅस्टॉइडची शस्त्रक्रिया विरळ होत गेली. घशाच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा वायोमिंगमधल्या वॉरन हवाईतळावरून आला. तिथे रॅमलकॅम्प, डेनी आणि वॅनामेकर यांनी स्ट्रेप्टोकोकसने घसा सुजलेल्या सैनिकांपैकी सुमारे आठशे जणांना पेनिसिलिन दिले, तितक्याच जणांना दिले नाही. १९५० मध्ये छापलेल्या निष्कर्षांत संधिज्वराचे निश्चित रुग्ण पहिल्या गटात २ आणि दुसऱ्यात १७ होते. संधिज्वर हृदयाच्या झडपा निकामी करतो, म्हणजे घशावरच्या औषधाचा खरा लाभ हृदयाला होता, आणि तो एका ठरावीक जंतूच्या रुग्णांपुरताच सिद्ध झाला होता.

पुढे जे घडले त्यात फ्लेमिंगच्या गोष्टीतला आरोपीच निर्दोष ठरला. घसा धरणारा हा स्ट्रेप्टोकोकस इतकी दशके पेनिसिलिनला सामोरा जाऊनही आजवर त्याला खऱ्या अर्थाने दाद न देणारा झालेला नाही. बदलले ते शेजारी. न्यूमोकोकस एरवी मुलांच्या नाका-घशात निमूट राहतो आणि संधी मिळाली की कान फोडतो किंवा फुप्फुस धरतो. त्याचा पेनिसिलिनला कमी दाद देणारा वाण १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी नोंदवला, आणि १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन इथे अधिक चिवट वाणांनी माणसे मारली. त्याने ही ताकद कमावली ती घशातल्याच निरुपद्रवी स्ट्रेप्टोकोकसांच्या जनुकांचे तुकडे उचलून. हिमोफिलस या आणखी एका शेजाऱ्याने सत्तरच्या दशकात अँपिसिलिन निकामी करणारे विकर मिळवले आणि १९८१ मध्ये अमॉक्सिसिलिनला क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड द्यावी लागली. गोळी गिळली की औषध घशातल्या सगळ्याच वस्तीत पसरते. दुखणे विषाणूचे असेल, तर त्या गोळीला मारण्याजोगे लक्ष्यच नसते. उरते ते फक्त या शेजाऱ्यांचे प्रशिक्षण, आणि कोर्स पूर्ण केल्याने ते प्रशिक्षणही पूर्णच होते.

यावर म्हणता येईल की कमी मात्रेत जंतू सरावतात हे फ्लेमिंगने प्रयोगशाळेत पाहिले होते, आणि क्षयरोगात अर्धवट उपचार घातक ठरतात हे वादातीत आहे. दोन्ही खरे आहे. पण घशाच्या बाबतीत एकूण वापर किती निर्णायक असतो, हे फिनलंडने दाखवले. तिथे घशातला स्ट्रेप्टोकोकस एरिथ्रोमायसिनला दाद देईनासा झाला तेव्हा देशभर त्या गटातल्या औषधांचा वापर कमी करण्यात आला. १९९२ मध्ये १६.५ टक्के असलेले प्रतिरोधाचे प्रमाण १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आले. हा उतार रुग्णांना कोर्स पुरा करायला लावून आलेला नव्हता. मुळात कमी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या होत्या.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. लगेच औषध न देता थांबून पाहणे हे श्रीमंत देशांचे चोचले, जिथे संधिज्वराने हृदयाच्या झडपा अजूनही निकामी होतात आणि डॉक्टर दोन तासांवर असतो तिथे ते परवडत नाही, असे म्हटले जाते. नेदरलँड्समध्ये व्हान बुखेम यांनी १९८५ मध्ये ४,८६० मुलांचा कानदुखीचा अनुभव मांडला. पहिले तीन-चार दिवस त्यांना फक्त नाकातले थेंब आणि वेदनाशामक दिले होते. नव्वद टक्क्यांहून अधिक मुले सावरली, मॅस्टॉइडचा संसर्ग दोघांना झाला. पण न सावरलेल्या मुलाला पुन्हा तपासणारा डॉक्टर तिथे हाताशी होता. ही सोय नसेल तर थांबण्याचा सल्ला धोक्याचा ठरतो, हे मान्य करायलाच हवे. मात्र त्यातून प्रत्येक खवखवत्या घशाला औषध द्यावे असे निघत नाही. स्ट्रेप्टोकोकसची लक्षणे असतील तिथे पेनिसिलिनच आणि पूर्ण दहा दिवस द्यावे, कारण तिथे हृदय वाचवायचे असते. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो हे औषध देशात बनावे म्हणूनच. वाहते नाक, खोकला आणि बसलेला आवाज या तक्रारींवर मात्र पेनिसिलिनचा काहीच उपयोग नाही.

कायद्यांनी आजवर दुकानाच्या काउंटरवर पहारा बसवला. ब्रिटनने १९४७ मध्ये पेनिसिलिन चिठ्ठीखाली आणले. भारताने २०१३ मध्ये एच-१ परिशिष्ट काढून तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनसारख्या औषधांच्या विक्रीची नोंद बंधनकारक केली. हे पहारे हवेतच, पण ते चिठ्ठीनंतरचे आहेत, आणि औषधाच्या ताकदीची झीज चिठ्ठी लिहिण्याच्या क्षणी होते. घशातला स्ट्रेप्टोकोकस काही मिनिटांत ओळखणारी चाचणी आज उपलब्ध आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवण्याचा खर्च नवनव्या प्रतिजैविकांच्या खर्चापुढे किरकोळ आहे. रुग्णाला कोर्स पुरा करण्याची आठवण देण्याआधी तो सुरूच का करायचा, याचे उत्तर लिहिणाऱ्याने द्यायला हवे.